लॅटिनो रुग्णांचा ऑटोइम्यून हेपटायटिस: स्टिरॉइडच्या आधी एवढ्या तपासण्या कशाला?

ह्यूस्टनमधल्या एका मराठी जावयाचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा. सासूबाई ५८ वर्षांच्या, मूळच्या मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरमधल्या एका खेड्यातल्या, लग्नानंतर अमेरिकेत आलेल्या. मधुमेह जुना. काही महिने थकवा आणि सांधेदुखी, मग डोळे पिवळे झाले. एएलटी (यकृताची सूज दाखवणारं एन्झाइम) ६०० च्या घरात, आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा एक प्रकार) २९००, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह. बायोप्सीत ऑटोइम्यून हेपटायटिस निघाला आणि सोबत तिसऱ्या टप्प्याचं फायब्रोसिस, म्हणजे यकृतातले व्रण. डॉक्टर प्रेडनिसोन हे स्टिरॉइड आणि पुढे प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन देणार आहेत, पण त्याआधी त्यांनी जंतांची, टीबीची आणि ‘कुठल्यातरी किड्यामुळे होणाऱ्या आजाराची’ रक्ततपासणी लिहून दिली. घरच्यांना वाटतंय की दुखणं लिव्हरचं असताना डॉक्टर वेळ काढतायत. शिवाय लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या लोकांना हा आजार जास्त वाईट होतो, औषध कमी लागू पडतं, असं कुठेतरी वाचलंय. आधी फॅटी लिव्हर सांगितलं होतं, मग आता हे काय? स्टिरॉइड टाळता येईल का? जन्मभर घ्यायचं का? आणि पत्नीला धोका आहे का?

मी गेली बरीच वर्षं अमेरिकेच्या दक्षिण भागात लिव्हरचे रुग्ण पाहतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक स्पॅनिश बोलणारे असतात. त्यामुळे आधी एवढंच सांगतो: तुमचे डॉक्टर वेळ काढत नाहीयेत. उलट न विचारता, न तपासता पहिल्याच दिवशी ६० मिलिग्रॅम प्रेडनिसोन लिहून दिलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती. लॅटिनो रुग्णांत या आजाराचं औषध वेगळं नसतं. वेगळं असतं ते औषध सुरू करण्याआधी काय बघायचं, आणि रुग्ण आपल्यापर्यंत किती उशिरा पोहोचतो ते.

आजार असा आहे की शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृताच्या पेशींवर हल्ला करते. बायकांमध्ये पुरुषांच्या तीन-चार पट जास्त दिसतो. वाल्डेनस्ट्रॉम या स्वीडिश डॉक्टरांनी १९५० मध्ये याचं पहिलं नीट वर्णन केलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये आणि मेयो क्लिनिकमध्ये झालेल्या चाचण्यांत स्टिरॉइड घेणारे रुग्ण जगले आणि न घेणाऱ्यांपैकी बरेच काही वर्षांतच गेले. ‘स्टिरॉइड टाळता येईल का’ या प्रश्नाचं उत्तर तेव्हाच मिळालंय. आयजीजी २९०० आणि फायब्रोसिस तिसऱ्या टप्प्याला असताना टाळण्याचा विचार सोडून द्या. कोणत्या प्रकारचं स्टिरॉइड, किती आणि किती दिवस, एवढाच प्रश्न उरतो.

आता त्या तपासण्या.

जंतांची तपासणी म्हणजे पोटात कृमी झालेत का, एवढीच साधी गोष्ट नाही. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा एक बारीक जंत मातीतून, अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतो. बाकीचे जंत काही वर्षांत आपोआप मरतात, हा मात्र आतल्या आतच पुन्हा पुन्हा संसर्ग करत राहतो. म्हणून गाव सोडून तीस वर्षं झालेल्या माणसाच्या आतड्यातही तो सापडतो, आणि एरवी काहीच त्रास देत नाही. अंगावर थोडी खाज, कधी पोटात मुरडा, एवढंच. पण त्याच माणसाला मोठ्या डोसचं स्टिरॉइड दिलं की त्याच्यावरचा लगाम सुटतो. अळ्या हजारोंनी वाढतात, आतड्याची भिंत भेदून फुप्फुसात आणि रक्तात पोहोचतात, सोबत आतड्यातले जिवाणूही घेऊन जातात. मग जे होतं त्यातून माणूस वाचवणं फार कठीण. लिव्हरवरच्या उपचाराने लिव्हर सुधारत असतानाच रुग्ण जायचा, अशी ही गोष्ट आहे.

याची शौच तपासणी बऱ्याचदा फसवते, एका नमुन्यात अळ्या दिसतीलच असं नाही. म्हणून रक्तातली अँटिबॉडी बघतात. रक्तात इओसिनोफिल (जंत झाल्यावर एरवी वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढलेले नाहीत म्हणून निश्चिंत राहता येत नाही. आणि उपचार किती सोपा: आयव्हरमेक्टिन, वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, एक-दोन दिवस, आणि बऱ्याचदा दोन आठवड्यांनी पुन्हा. रिपोर्ट यायला उशीर होणार असेल आणि कावीळ वाढत असेल तर मी रिपोर्टची वाट बघत बसत नाही, आयव्हरमेक्टिन देऊन स्टिरॉइड सुरू करतो. सासूबाईंचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढायला लागला, किंवा त्या गोंधळल्यासारखं बोलू लागल्या, दिवसा झोपून रात्री जाग्या राहू लागल्या, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

(हा जंत फक्त त्यांच्याकडचा नाही बरं का. कोकणात, गोव्यात, विदर्भात शेतात अनवाणी वावरलेल्या आपल्या आई-वडिलांनाही तो असू शकतो. अमेरिकेत आलेल्या मराठी आजोबांना दम्यासाठी किंवा संधिवातासाठी मोठ्या डोसचं स्टिरॉइड सुरू होणार असेल तर हीच आठवण तिथेही ठेवा.)

‘किड्यामुळे होणारा आजार’ म्हणजे चागास. कार्लोस चागास या ब्राझिलियन डॉक्टरांनी १९०९ मध्ये तो शोधला. मातीच्या भिंतींच्या फटीत आणि गवताच्या छपरात राहणारा एक ढेकणासारखा किडा रात्री चावतो आणि त्याच्या विष्ठेतून परजीवी शरीरात जातो. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतच्या ग्रामीण भागात हा आजार आहे, एल साल्वाडोर त्यात येतंच. लहानपणी झालेला संसर्ग दशकानुदशकं गप्प बसतो, काहींच्या हृदयाचे स्नायू मात्र हळूहळू निकामी करतो. प्रतिकारशक्ती दाबली की तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. तपासणी पॉझिटिव्ह आली तर ती दुसऱ्या पद्धतीने पक्की करतात, ईसीजी आणि इको काढतात, आणि उपचारादरम्यान रक्तात परजीवी वाढतोय का यावर लक्ष ठेवतात. चागास पॉझिटिव्ह म्हणून लिव्हरचा उपचार अडत नाही, फक्त डोळे उघडे ठेवून द्यावा लागतो. बेन्झनिडाझोल हे त्यावरचं औषध आहे, पण त्यानेही लिव्हरचे आकडे वाढू शकतात, त्यामुळे कधी द्यायचं हे संसर्गरोगतज्ज्ञांना विचारूनच.

टीबीचं कारण मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. हेपटायटिस बी चं मात्र सांगतो, कारण तिथे अर्धवट तपासणी होते. केवळ एचबीएसएजी (चालू संसर्गाची चाचणी) निगेटिव्ह आहे म्हणून भागत नाही; अँटी-एचबी कोअरही (जुन्या संसर्गाची खूण) बघायचं. जुना, दबलेला विषाणू स्टिरॉइडखाली जागा होतो आणि मग आजार कोणता आणि औषधाचा परिणाम कोणता हे ओळखता येत नाही. रुग्ण ॲरिझोनात, कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात किंवा उत्तर मेक्सिकोत राहिलेला असेल, विशेषतः शेतावर काम केलेला असेल, तर धुळीतून होणाऱ्या कॉक्सिडिओइडिस बुरशीचाही विचार करावा लागतो. ह्यूस्टनच्या दमट हवेत ती सहसा नसते, पण माणसं एकाच गावात कुठे राहतात. आधी टोमॅटो, मग द्राक्षं, मग बांधकाम, असं करत करत ती टेक्सासला पोहोचलेली असतात. म्हणून मी ‘तुम्ही कुठले’ एवढंच विचारत नाही, ‘कुठे कुठे काम केलं’ हेही विचारतो.

फॅटी लिव्हरकडे येतो, कारण गडबड इथेच होते. २००४ मध्ये डॅलसमधल्या एका मोठ्या अभ्यासात लॅटिनो लोकांपैकी ४५ टक्क्यांच्या यकृतात जास्तीची चरबी आढळली. गोऱ्यांमध्ये ३३ आणि कृष्णवर्णीयांमध्ये २४ टक्के. २००८ मध्ये तिथल्याच संशोधकांनी पीएनपीएलए३ या जीनमधला एक बदल दाखवला, जो चरबी साठण्याला कारण ठरतो आणि लॅटिनो लोकांत सर्वांत जास्त आढळतो. अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांच्या वंशाचा अंश जितका जास्त, तितका हा बदल जास्त. परिणाम असा की लठ्ठपणा आणि मधुमेह असलेल्या लॅटिना बाईचे लिव्हरचे आकडे वाढले की ‘फॅटी लिव्हर, वजन कमी करा, सहा महिन्यांनी या’ असं सांगून मोकळं होणं फार सोपं असतं. सासूबाईंच्या बाबतीत तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण हा प्रकार मी पुष्कळदा पाहिलाय.

उलटही होतं. नुसतं फॅटी लिव्हर असलेल्या चार-पाच जणांपैकी एकाचा एएनए थोडासा पॉझिटिव्ह येतो. तेवढ्यावर कुणाला ऑटोइम्यून ठरवून स्टिरॉइड दिलं तर मधुमेह भडकतो आणि लिव्हरमधली चरबी अजून वाढते. म्हणून बायोप्सी लागते. निदानासाठी २००८ साली ठरवलेला एक सोपा गुणांचा तक्ता आहे: अँटिबॉडी, आयजीजी, बायोप्सी आणि विषाणूजन्य हेपटायटिस नसणं. सहा गुण म्हणजे आजार बहुधा आहे, सात म्हणजे नक्की. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून आयजीजी भरपूर वाढलेला आहे, बायोप्सीही जुळते. निदानाबद्दल मला शंका वाटत नाही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि सासूबाईंना बहुधा आहेत. याचा उपयोग पुढे होईल: उपचाराने आयजीजी नॉर्मल झाला आणि एएलटी मात्र ६०-७० वर अडकून राहिला, तर स्टिरॉइड वाढवण्याआधी तो चरबीमुळे तर नाही ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्या टप्प्यावर अनेकांना विनाकारण जास्तीचं स्टिरॉइड मिळतं.

अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्तनलिकांचा त्रास दाखवणारं एन्झाइम) किती आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते बरंच वाढलेलं असेल तर एएमए ही अँटिबॉडी तपासून घ्या. पित्तनलिकांचा जो ऑटोइम्यून आजार आहे, पीबीसी, त्याची सरमिसळ लॅटिनो रुग्णांत तुलनेने जास्त सापडते आणि त्यावरचं अर्सोडिऑल त्यांच्यात कमी लागू पडल्याचं मायामीच्या रुग्णांमध्ये दिसलंय. तुम्ही वाचलेलं ‘औषध कमी लागू पडतं’ बहुधा इथून आलं असावं. त्यासाठी आता पर्याय आहेत. २०२४ मध्ये एलाफिब्रॅनोर आणि सेलाडेलपार ही दोन औषधं अमेरिकेत मंजूर झाली.

आणि ‘लॅटिनोंना जास्त वाईट होतो’ हे? उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका पाहणीत ऑटोइम्यून हेपटायटिसच्या लॅटिनो रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना सिऱ्होसिस (व्रणांनी यकृत कडक होणं) होता. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होतं. हे रक्तातलं दुर्दैव की उशिरा पोहोचण्याचा परिणाम? माझं मत विचाराल तर दोन्ही, पण दुसरं जास्त. जनुकांचा वाटा नाही असं नाही. प्रतिकारशक्तीशी निगडित एचएलए नावाच्या जीनचे प्रकार बघा: मेक्सिकोच्या रुग्णांत एचएलए-डीआरबी१*०४:०४ हा प्रकार जास्त, अर्जेंटिनातल्या मुलांत डीआरबी१*१३:०१, गोऱ्या युरोपियनांत ०३:०१ आणि ०४:०१. अर्जेंटिनात तर असंही दिसलं की १३:०१ असलेल्या मुलांमध्ये हेपटायटिस ए ची कावीळ लांबते आणि तिच्यातून हा आजार सुरू होऊ शकतो. पण ‘लॅटिनो’ ही काही एक जात नव्हे. मेक्सिकोतल्या ओआहाकाची झापोटेक आदिवासी बाई, ब्युनॉस आयर्सचा इटालियन आडनावाचा दुकानदार आणि डॉमिनिकन रिपब्लिकचा आफ्रिकी वंशाचा ड्रायव्हर, हे तिघं अमेरिकन फॉर्मवर एकाच चौकोनात खूण करतात. त्यांच्या जनुकांत जेवढं साम्य, त्याहून कितीतरी जास्त साम्य त्यांच्या विम्याच्या कागदांत. विमा नाही, रोजगार बुडतो, कागदपत्रांची भीती, दुभाषा नाही. मग डोळे पिवळे होईपर्यंत कुणी येत नाही. तिसरा टप्पा म्हणजे सिऱ्होसिसच्या उंबरठ्यावर, पण अजून अलीकडेच. सासूबाई त्या मानाने वेळेत आल्यात. आजार शांत झाला की फायब्रोसिस काही प्रमाणात मागेही जातं.

उपचार. नेहमीचा रस्ता म्हणजे प्रेडनिसोन २० ते ४० मिलिग्रॅम, सोबत साधारण दोन आठवड्यांनी अझाथायोप्रिन ५० पासून. आकडे उतरू लागले की प्रेडनिसोन हळूहळू कमी. भारतात प्रेडनिसोलोन देतात, वायसोलोन म्हणून जे तुम्हाला माहीत असेल, काम तेच. दुसरा रस्ता बुडेसोनाइडचा, दिवसाला ९ मिलिग्रॅम. हे स्टिरॉइड आतड्यातून थेट लिव्हरमध्ये जातं आणि तिथेच बहुतांश संपतं, त्यामुळे साखर, हाडं, वजन यांच्यावर परिणाम कमी. मधुमेही बाईसाठी हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे. मात्र सिऱ्होसिस असेल तर ते चालत नाही, कारण रक्त लिव्हरला वळसा घालून जातं आणि औषध अंगभर पसरतं. अचानक जोरदार उसळलेल्या आजारातही मी प्रेडनिसोनच निवडतो. तिसऱ्या टप्प्याला निर्णय बायोप्सी आणि स्कॅन बघूनच होईल.

प्रेडनिसोन घेतलं तर साखरेचं एक लक्षात ठेवा. सकाळी गोळी घेतली की साखर दुपारनंतर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. घरोघरी सवय असते ती सकाळी उपाशीपोटी बोट टोचण्याची. तिथे १२० दिसतं, सगळे खूश, आणि संध्याकाळी तीच साखर ३५० असते. रात्रीच्या जेवणाआधी मोजा. इन्सुलिन लागलंच तर सकाळच्या गोळीबरोबर सकाळी एनपीएच (मध्यम काळ टिकणारं इन्सुलिन) देण्याची पद्धत याचसाठी आहे. रात्रीचं इन्सुलिन वाढवत बसलात तर पहाटे साखर खाली कोसळेल. सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हाडांचा डेक्सा स्कॅन. मका, भात, बीन्स हे त्यांचं रोजचं जेवण पूर्ण बंद करायला सांगू नका, कुणी ऐकत नाही. एका वेळच्या तोर्तिया चारावरून दोनवर आणा. पुपुसा (सारण भरलेली मक्याची जाड भाकरी) रविवारी.

अझाथायोप्रिन सुरू करण्याआधी टीपीएमटी (हे औषध शरीरात जिरवणारं एन्झाइम) बघतात, आणि लॅटिनो रुग्णांत एनयूडीटी१५ ही बघावं. या दुसऱ्या जीनमधला बदल पूर्व आशियाई आणि मूळ अमेरिकन वंशात बऱ्यापैकी आढळतो, आणि तो असेल तर नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरतात. नुसती टीपीएमटी नॉर्मल आली म्हणून हायसं वाटून घेऊ नका. (भारतीयांतही हा बदल दुर्मीळ नाही, म्हणून ही चाचणी तुमच्याही उपयोगाची.) दोन्ही नॉर्मल आल्या तरी सुरुवातीचे काही आठवडे सीबीसी वरचेवर करावीच लागते. सासूबाई गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल घेत असतील तर हे आधी सांगा, ती जोडी धोक्याची आहे.

अझाथायोप्रिन सोसलं नाही तर मायकोफेनोलेट आहे. २०२४ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या चाचणीत पहिलंच औषध म्हणून ते दिलं तेव्हा २४ आठवड्यांत ५६ टक्क्यांचे आकडे नॉर्मल झाले, अझाथायोप्रिनवर २९ टक्क्यांचे. ५८ व्या वर्षी गर्भाचा प्रश्न नाही, नाहीतर तरुण मुलीला ते देताना दहादा विचार करावा लागतो. ध्येय सरळ आहे: एएलटी आणि आयजीजी दोन्ही सहा महिन्यांच्या आत नॉर्मल. चार आठवड्यांत एएलटी निम्म्यावरही आला नाही, तर आधी गोळ्या खरंच घेतल्या जातायत का ते बघा. चेहरा गोल झाला, कुणीतरी ‘कित्ती जाडी झालीस’ म्हणालं आणि गोळ्या ओट्याच्या खणात गेल्या, हे मी दर महिन्याला बघतो.

काढ्यांबद्दल घरात शांतपणे बोला. बोल्दोचा चहा, चापराल, उन्या दे गातो, ‘लिव्हर साफ करणारी’ कॅप्सूलं, हे सगळं सध्या बंद. चापरालने लिव्हर खराब झाल्याच्या नोंदी १९९० च्या दशकापासून आहेत. दुकानातून प्रिस्क्रिप्शनशिवाय आणलेल्या अँटिबायोटिकबद्दलही विचारा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी महिनोन्महिने घेतलेलं नायट्रोफ्युरँटॉइन हुबेहूब असाच आजार उभा करतं, आणि ते असेल तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. तुमच्याकडूनही एक मदत हवी: प्रेमापोटी गुळवेलीचा काढा देऊ नका. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर झालेल्या ऑटोइम्यूनसारख्या हेपटायटिसचे रुग्ण नोंदवले, पुढे देशभरातून तशीच प्रकरणं आली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. मी त्या वादात इथे पडत नाही, पण ज्यांना हा आजार आहेच त्यांच्यासाठी माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे.

डॉक्टरांकडे जाताना तुमची पत्नी भाषांतर करत असेल तर ते थांबवा. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक अमेरिकन हॉस्पिटलला दुभाषा फुकट द्यावा लागतो, अपॉइंटमेंट घेतानाच मागा. लेक सोबत असली की आई काढे, चुकवलेल्या गोळ्या, लघवीची तक्रार, काहीच सांगत नाही, आणि लेकही डॉक्टरांचं ‘सिऱ्होसिस’ आईपर्यंत पोहोचवताना मऊ करते.

किती वर्षं? निदान दोन वर्षं सगळे आकडे नॉर्मल राहिल्याशिवाय थांबवण्याचा विषयही काढायचा नाही. त्यानंतरही थांबवलं की निम्म्याहून जास्त जणांत आजार परत येतो. इतकं फायब्रोसिस असताना मी तरी थोड्या डोसचं अझाथायोप्रिन चालू ठेवण्याच्या बाजूने असतो. प्रेडनिसोन मात्र शक्य तितक्या लवकर शून्यावर. फ्लू, न्यूमोकोकल, हेपटायटिस ए आणि बी आणि शिंगल्सची (नागिणीची) नवी लस घेऊन टाका. जिवंत विषाणूच्या लसी नकोत. एल साल्वाडोरला जायचं ठरलं तर गोळ्या दोन महिन्यांच्या जास्त न्या आणि ताप आल्यास ‘घरी पोहोचल्यावर बघू’ म्हणू नका.

पत्नीला धोका किंचित जास्त, पण इतका कमी की जनुकांची चाचणी करण्यात अर्थ नाही. वार्षिक तपासणीत लिव्हरचे आकडे बघा, थायरॉइडही बघा, कारण असे आजार घराण्यात वेगवेगळ्या रूपांत येतात. तिची खरी जोखीम मधुमेह आणि फॅटी लिव्हरची आहे, आणि ती तपासायला आजचा दिवसही चालेल.